दुसरा कोस

आधार : मत्तय ५:३८–४२, लूक १७:७–१०



परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी येलदरी नावाचे गाव आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तेथील वस्तीत एका घराच्या ओसरीवर उपासना घेण्याचा प्रसंग आम्हांस आला. वीस-पंचवीस माणसे जमली होती. त्यांतील बहुतेक रोजाने शेतात जाणारी. आम्ही वचन घेतले ते डोंगरावरील प्रवचनातले. कोणी एक कोस न्यावयास भाग पाडले तर त्याच्याबरोबर दोन कोस जावे, असे प्रभूने जेथे सांगितले आहे ते. दृष्टांताकरिता फार लांब जावे लागले नाही. ओसरीवरून धरणाची भिंत दिसत होती.

येलदरीचे हे मातीचे धरण १९६८ मध्ये पुरे झाले. उपयोगास येणारे सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर पाणी त्यात मावते. पायथ्याशी वीजघर आहे, आणि त्यात साडेसात मेगावॅटची तीन यंत्रे आहेत. वरून सोडलेले पाणी प्रथम ही चक्रे फिरविते. इतके केल्यावर त्याचे काम संपले असे कोणी म्हणेल; परंतु ते तेथे थांबत नाही. नदीच्या पात्राने ते खाली सिद्धेश्वरच्या धरणास जाते, तेथे अडते, आणि तेथून कालव्यांनी परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांतील शेतांस पोहोचते. आम्ही म्हणालो, पाहा, या पाण्याने दिवा लावला हा त्याचा पहिला कोस, आणि ज्वारीगव्हास जीवन दिले हा दुसरा. ख्रिस्ती मनुष्याने या पाण्यासारखे असावे. मंडळीस दृष्टांत आवडला. आम्हांसही, खरे सांगावयाचे तर, आपलाच दृष्टांत फार आवडला.

सभा संपून चहा होत असता एक वृद्ध बहीण जवळ येऊन बसली. ती म्हणाली, “पाळकसाहेब, एक इचारू का? आमचे मालक बी हेच म्हणतात. दिवस मावळला तरी खुरपं ठेवू देत नाहीत. म्हणतात, तुमच्या येशूनं दोन कोस चाला म्हणून सांगितलंय, मंग घंटाभर जास्त खुरपलं तर काय झालं? आज तुम्ही बी तेच सांगितलं. मंग मी ऐकायचं कुणाचं, मालकाचं का येशूचं?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. “मावशी, पुढल्या खेपेस सांगतो,” असे काहीतरी म्हणून आम्ही उठलो. बावीस वर्षे वचन सांगत असलेल्या मनुष्यास रोजाने खुरपणाऱ्या बाईपुढे गप्प बसावे लागले, आणि ते योग्यच झाले. आज जे लिहीत आहो ते त्या बहिणीच्या प्रश्नाने आम्हांस पुन्हा वचनाजवळ नेऊन बसविले म्हणून.

आपल्या मराठी शास्त्रात या ठिकाणी ‘वेठ’ हा शब्द आहे. तो वाचताना शहरातील मनुष्य पुढे निघून जातो. खेड्यातील मनुष्याने तसे जाऊ नये. प्रभूच्या काळी यहूदी लोकांचा देश रोमी सत्तेखाली होता. रोमी शिपाई वाटेने जाणाऱ्या कोणाही मनुष्यास थांबवून त्याच्या पाठीवर आपले ओझे देऊ शकत असे. मूळ ग्रीक शब्द इराणच्या बादशाही डाकेवरून आलेला आहे. त्या डाकेचे स्वार वाटेतील मनुष्य व जनावर हुकमाने कामास लावीत. रोमी मैल म्हणजे हजार दुहेरी पावले, आजच्या मापाने दीड किलोमीटरहून किंचित कमी. आपला कोस त्याहून बराच लांब. परंतु पाठीवर दुसऱ्याचे ओझे असले म्हणजे मापात फारसा फरक राहत नाही.

ही वेठ आपल्या वाडवडिलांस पुस्तकातून शिकावी लागली नाही. गावचा येसकर कोण असे, तराळ कोण असे, आणि अंमलदार आला म्हणजे त्याचे सामान पुढल्या गावापर्यंत कोणाच्या डोक्यावर जात असे, हे आपल्या घराघरांतून ठाऊक आहे. चावडी झाडावी, लाकडे फोडावी, मेलेले जनावर ओढावे, कोणी मेले तर रात्री-अपरात्री परगावी सांगावा न्यावा, सरकारी वसुलाबरोबर तालुक्यास चालत जावे. आणि त्याबद्दल बलुते व मागून आणलेली भाकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात या वतनी चाकरीविरुद्ध विधेयक मांडले, ते ही चाकरी म्हणजे गुलामगिरी होय हे ओळखून. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, आणि येथे वेठ मुंबई इलाख्याहून कमी नव्हती. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बिगार व सक्तीची मजुरी यांस मनाई केली, आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी पद्धत रद्द ठरविली. तेव्हा आज जो कोणी शास्त्राचे नाव घेऊन दुसऱ्याकडून फुकट काम घेतो, तो देशाच्या कायद्याचा गुन्हेगार आहे. तो प्रभूचाही गुन्हेगार आहे, हे पुढे दिसेल.

प्रथम हे पाहावे की प्रभू हे शब्द कोणाशी बोलला. डोंगरावर त्याच्या पायांजवळ बसलेली माणसे कोळी, कुणबी, मजूर, रोगी अशी होती. ज्यांच्या पाठीवर ओझे पडत असे त्यांच्याशी तो बोलला. ओझे लादणाऱ्या शिपायाशी नव्हे. हे वचन हमालास दिलेले आहे. शिपायास ते हमालापुढे वाचून दाखविण्याचा अधिकार नाही. मालकाकरिता शास्त्रात दुसरी वचने आहेत, आणि ती फार कडक आहेत. मजुराचा रोज त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी चुकता करावा, कारण तो दरिद्री आहे व त्याचा जीव त्यात गुंतलेला आहे, असे अनुवादाच्या २४ व्या अध्यायात सांगितले आहे. कापणी करणाऱ्यांचा अडवून ठेवलेला रोज ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, असे याकोब आपल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात धनवानांस बजावतो. मालकास दोन कोसांचा एवढा कळवळा असेल तर त्याने दुसरा कोस स्वतः चालावा, आणि तो म्हणजे ठरल्याहून अधिक रोज द्यावा. द्राक्षमळ्याच्या धन्याने तसेच केले होते.

मग हमालास प्रभूने काय दिले? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे, त्याने त्यास मोकळे केले. पहिला कोस शिपायाचा आहे. तो न्यायाचा आहे असे प्रभू म्हणत नाही; तो आहे, इतकेच. परंतु मैलाचा दगड आला की शिपायाचा हुकूम संपला. ओझे खाली ठेवून परत जाण्यास मनुष्य आता स्वतंत्र आहे. त्या ठिकाणी तो शिपायाकडे पाहतो. तोही कोणा मातेचा पुत्र, उन्हाने तापलेला, परक्या देशात दमलेला. आणि तो म्हणतो, चला, आणखी थोडे पोहोचवून देतो. ओझे तेच आहे आणि वाटही तीच. परंतु आता चालणारा गुलाम नाही. दगडापर्यंत तो शिपायाचा हमाल होता, दगडापुढे तो त्याचा यजमान झाला. हे कोणीही कोणाकडून करवून घेऊ शकत नाही. करवून घेतले की तो पुन्हा पहिलाच कोस झाला, फक्त लांबलेला. म्हणून ज्यास दगडाशी ओझे खाली ठेवता येत नाही त्यास दुसरा कोस नाहीच. आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसलेल्या मनुष्याच्या ‘होय’ला प्रीती म्हणता येत नाही.

येथेच आमच्या धरणाच्या दृष्टांताची चूक सापडली. पाणी सिद्धेश्वराकडे जाते ते उताराने. त्याला मन नाही, आणि दार उघडणारा दुसराच असतो. चांगला दृष्टांत सापडला म्हणजे उपदेशकास वचन विसरावयास होते. आमच्या सहकारी शिक्षकबंधूंनी हे आमच्याकडून सावधगिरीकरिता घ्यावे.

वेठीस धरण्याचा तोच ग्रीक शब्द शुभवर्तमानात आणखी एका मनुष्याविषयी आला आहे. कुरेनेकर शिमोन रानातून येत असता शिपायांनी त्यास धरले आणि प्रभूचा वधस्तंभ त्याच्यावर लादला. त्या दिवशी तो आपखुशीने गेला नाही. त्याला कोणी विचारलेही नाही. परंतु मार्क त्याच्या दोन मुलांची नावे सांगतो, आलेक्सांद्र व रूफ, जणू वाचणाऱ्यांस ती माहीत आहेत. आणि पौल रोमकरांस लिहिताना प्रभूमधल्या एका रूफास व त्याच्या आईस सलाम सांगतो आणि ती आपलीही आईच असे म्हणतो. हा रूफ तोच असे शास्त्र स्पष्ट सांगत नाही. जुन्या काळापासून पुष्कळांस तसे वाटत आले आहे, आम्हांसही वाटते. तसे असेल तर सक्तीने उचललेल्या ओझ्याचा पहिला कोस गुलगुथ्याशी संपला, आणि दुसरा कोस त्या घराने पुढे जन्मभर चालला.

आता आपल्या देशातील व आपल्या भाषेतील एक उदाहरण. पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या वाचकांतील लहान मुलासही ठाऊक आहे; परंतु त्यांचे कर्तव्य कोठे संपत होते आणि त्या कोठपर्यंत गेल्या, याचा हिशेब क्वचितच कोणी करतो. १८८७ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरी त्यांच्या कामाकरिता एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले. ठरलेले काम उच्चवर्णीय बालविधवांची शाळा हे होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. तेवढेच नीट चालविले असते तरी जगाने त्यांस धन्य म्हटले असते, आणि तेवढ्याकरिताही त्यांस थोडी निंदा सोसावी लागली नाही. हा पहिला कोस होय.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. ते काम बॉस्टनच्या करारात नव्हते. त्यासाठी पैसा नव्हता, जागा नव्हती, आणि दुष्काळातल्या मुली कोणत्याही जातीच्या होत्या. परंतु रमाबाईंचे आईवडील व बहीण १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात अन्नाविना गेली होती. भूक म्हणजे काय हे त्यांस ऐकून कळलेले नव्हते. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. रोगाने व भुकेने अर्धमेल्या झालेल्या मुली गोळा करून आणल्या. त्यांची संख्या सुमारे तीनशेवर गेली. पुण्यात प्लेगामुळे त्यांस ठेवणे अशक्य झाले तेव्हा केडगावच्या माळावर, आपल्या विकत घेतलेल्या जमिनीवर, त्यांनी झोपड्या उभारल्या. तेच मुक्तिसदन. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजराथेकडील मुली आल्या, आणि त्या माळावर जेवणाऱ्यांची संख्या हजारावर गेली. आंधळ्यांस शिकविणे आणि पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांस घर देणे, ही कामेही तेथे निघाली. कोणी त्यांस हे सांगितले होते? कोणी नाही.

शेवटले काम तर कोणाच्या मनातही नव्हते. मराठीत शास्त्र छापलेले होतेच. परंतु त्याची भाषा आपल्या सदनातील साध्या बायकांस जड जाते हे पाहून या विदुषीने उतारवयात इब्री व ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करावयास घेतले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः प्रभूकडे गेल्या, तोवर ते हातातून सुटले नव्हते. संस्कृतात सभा जिंकणाऱ्या पंडितेने अडाणी मुलींकरिता शब्द सोपे करीत बसावे, याहून लांब कोस आम्हांस माहीत नाही.

हे फक्त आपल्याच मंडळीत घडते असे मात्र कोणी समजू नये. यरीहोच्या वाटेवरील दृष्टांतात प्रभूने परक्यालाच पुढे केले आहे. त्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, जनावरावर बसवून उतारशाळेत आणले. एवढ्याने वाटसरूचे कर्तव्य पुरे झाले होते. त्याचा दुसरा कोस दुसऱ्या दिवशी सकाळी आहे, जेव्हा तो दोन दिनार काढून देतो आणि अधिक लागेल ते परत येताना भरीन म्हणतो. आपल्या प्रांतातही असे झाले आहे. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील एक आजारी मुलगा पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले यांनी आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणला. त्या वेळी त्यांचे वय साठीच्या पुढे होते. तोच रोग त्यांस लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. हे लिहिताना आमची मान खाली जाते; अशा वेळी बाजूने निघून गेलेले याजक व लेवी कोण होते, हे प्रत्येकाने आपल्या अंतःकरणाला विचारावे.

येथे एक जुने विष आहे, त्याचा थोडा विचार केला पाहिजे. कर्तव्याहून अधिक केलेल्या कामाचे पुण्य शिल्लक राहते, आणि संतांच्या अशा शिलकेचा साठा दुसऱ्यांच्या खाती मांडता येतो, असे एके काळी पश्चिमेकडील मंडळीत शिकवीत. त्या साठ्याच्या नावाने क्षमापत्रे विकली जाऊ लागली, तेव्हा १५१७ मध्ये मार्टिन लूथर उभा राहिला. इंग्लंडच्या मंडळीच्या एकोणचाळीस कलमांतील चौदावे कलम याच शिकवणीविरुद्ध आहे. देवाने मागितले त्याहून अधिक देवाला कोण देणार? प्रभूने लूकच्या १७ व्या अध्यायात नांगरून आलेल्या चाकराची गोष्ट सांगितली आहे, ती आपल्या खेड्यात रोज घडते. सगळे केल्यावरही आपण निरुपयोगी चाकर आहो, करावयाचे तेवढेच केले, असे म्हणावे, असे तो शिकवितो.

मग दुसरा कोस जादा नाहीच काय? मनुष्यांच्या हिशेबात जादा आहे. देवाच्या हिशेबात नाही. शिपाई म्हणू शकत नाही की तू माझे देणे लागतोस. परंतु ज्याच्याकरिता देवाच्या पुत्राने एवढी वाट चालून घेतली तो मनुष्य देवापुढे वही उघडून बसू शकत नाही. ही वही आपल्यांतून गेली आहे असेही नाही. कोणाच्या वर्गणीचा आकडा सभेत मोठ्याने वाचला गेला व कोणाचा हळू, यावरून मंडळ्यांत झालेले रुसवे आम्ही मिटविले आहेत. एकदा एका मंडळीत सतरंजी कोणी दिली हे तिच्यावर रंगाने लिहिलेले होते. उपासनेस बसणारा प्रत्येक मनुष्य त्या नावावर बसत असे.

शिक्षकबंधूंकरिता दोन शब्द. पौल करिंथकरांस लिहितो की सुवार्ता सांगणे हे आपल्यावर अवश्य घातलेले काम आहे, त्यात प्रौढी नाही. आपण ती फुकट सांगतो यातच आपले वेतन आहे. तंबू शिवून तो पोट भरी. उपदेश हा त्याचा पहिला कोस, फुकटपणा हा दुसरा. परंतु त्याच अध्यायात, त्याआधी, सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी असा प्रभूचा नियम आहे हेही तो जोर देऊन सांगतो. तो हक्क आहे असे अगोदर ठरवून मगच त्याने तो सोडला. ज्या मंडळ्या आपल्या शिक्षकाचे चार-चार महिन्यांचे देणे ठेवतात आणि त्यास पौलाचे उदाहरण सांगतात, त्यांनी येलदरीच्या त्या मालकाहून आपण कसे निराळे आहो हे दाखवून द्यावे. आणि शिक्षकाने आपल्या बायकोच्या पाठीवरून दुसरा कोस चालू नये. तो पाहुण्यांस ठेवून घेतो, आणि चुलीपुढे ती बसते. तिला विचारून पाहुणे ठेवले तर तो दोघांचा कोस होईल.

तिळसंक्रांतीच्या सुमारास आम्ही पुन्हा येलदरीस गेलो. या वेळी धरण दृष्टांतात घेतले नाही. उपासनेनंतर आम्ही त्या बहिणीकडे जाऊन म्हणालो, “मावशी, मागल्या खेपेस आमचं चुकलं. दिवस मावळला की खुरपं ठेवा. मालकानं वेळ वाढविला तर रोज वाढवून मागा. येशू मालकाच्या बाजूनं बोलला नाही.”

ती म्हणाली, “ते म्या कवाच केलं. तुमची वाट कुठं बघत बसू?” चौघीजणींनी मिळून मालकास सांगितले होते, दोन दिवस त्याने कामास बोलाविले नाही, तिसऱ्या दिवशी बोलाविले. तेव्हापासून अंधार पडण्यापूर्वी त्या घरी येत.

मग शेजारच्या बाईने हसत सांगितले की आता ही रात्रीची त्याच घरी जाते. मालकाची म्हातारी आई पाय मोडून अंथरुणावर होती, मुलगा-सून लग्नाकरिता आठ दिवस परगावी गेली होती, आणि ही रोज जेवून, कंदील घेऊन, तिच्या उशाशी जाऊन निजत होती. मालकाने परत आल्यावर पैसे देऊ केले. तिने घेतले नाहीत. खुरपणीचे मात्र मागील दोन तासांचे राहिले होते ते मागून घेतले.

आम्ही विचारले, “मावशी, हे का केलंत?”

“एकटी होती बिचारी,” ती म्हणाली, आणि चहाचे पाणी उकळत आले होते ते पाहावयास आत गेली.